बाळूचा ताप उतरतो

पुतळाबाईंचा मोतीबिंदू काढून त्यांना मुलुंडच्या घरी आणलं, तेव्हा डॉक्टरांनी बजावलेल्या गोष्टी त्यांचा मुलगा श्यामसुंदर जिना चढता चढता निम्म्या विसरला होता. त्याच्या बायकोला, सुगंधाला, मात्र त्या साऱ्या पाठ होत्या. वाकायचं नाही, खोकायचं नाही, जड उचलायचं नाही, ऑपरेशनच्या कुशीवर वळायचं नाही, आणि सगळ्यांत मुख्य म्हणजे रडायचं नाही. टाके ओले आहेत, रडून डोळ्यावर ताण आला तर केलं-सवरलं सगळं पाण्यात जाईल, असं डॉक्टर म्हणाले होते. आनंदाने रडू आलं तर चालेल का, हे सुगंधाने तिथल्या तिथे विचारून घेतलं. डॉक्टरांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं आणि श्यामसुंदरला सांगितलं, की ह्यांनाही थोडी विश्रांती द्या.

सुगंधा होतीच तशी. दीड वर्षाच्या नंदूचं पाणी उकळी फुटल्यावरही ती घड्याळाकडे बघत उकळत ठेवायची. गॅलरीच्या कठड्याला तिने खालपासून वरपर्यंत सुतळीची जाळी विणली होती आणि तिच्यातून नंदूचं डोकं जात नाही ना, हे नारळ घालून बघितलं होतं. घरात सगळ्यांत वापरातली वस्तू कुठली, तर थर्मामीटर. पोराच्या काखेत एक दिवस घट्टा पडेल, असं श्यामसुंदर म्हणायचा. अशा बाईच्या हाती सासूचा डोळा सोपवलेला, म्हणजे डोळ्याची काळजी करण्याचं कारण नव्हतं.

अडचण होती ती पुतळाबाईंची. एका डोळ्यावर हिरव्या कापडाची झापड, दुसऱ्याला आधीपासूनच धुक्यातल्यासारखं दिसायचं. उभ्या जन्मात जिने दुपारी पाठ टेकली नाही, ती बाई आता दिवसभर छताकडे तोंड करून उताणी. पहिले काही दिवस त्यांनी कामं सांगण्यात घालवले. सांगण्यासारखं काम उरलं नाही तेव्हा त्यांना गाव आठवायला लागलं. मालवणकडच्या त्या गावातून त्या नवऱ्यामागोमाग परळच्या चाळीत आल्या होत्या. नवरा गिरणीत होता, आणि मुलुंडचा हा ब्लॉक बघायला तो राहिला नव्हता. गावावरून गोष्ट चाळीवर यायची, चाळीवरून नवऱ्यावर, आणि नवऱ्यापाशी पोचली की त्यांचा आवाज ओला व्हायचा. सुगंधा हातातलं लाटणं टाकून धावायची आणि डोळ्याची आठवण करून द्यायची. रडत नाय गो, आठवतंय, असं पुतळाबाई म्हणायच्या.

आठवणं बंद पाडायचं तर दुसरं काहीतरी सुरू करायला हवं होतं. रेडिओवरचा दुपारचा कार्यक्रम बघता बघता संपायचा. पोथी वाचावी तर पोथीत देव भेटला की पुतळाबाईंना भरून यायचं. शेवटी सुगंधाने नवऱ्याला स्टेशनजवळच्या लायब्ररीत पाठवलं, एखादी चांगली कादंबरी आणा म्हणून. श्यामसुंदर कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसातला माणूस, त्याने 'चांगली' म्हणजे कशी ते विचारून घेतलं. सगळ्यांसमोर वाचता येईल अशी, सुगंधा म्हणाली, आणि लवकर संपणार नाही अशी.

त्याने आणलं ते पुस्तक विटेएवढं जाड होतं. बाइंडरने वरून खाकी पुठ्ठा चढवलेला, त्यावर नावसुद्धा नाही. सुगंधाने आतलं पान उघडलं आणि तिला हायसं वाटलं. ही तर तिला बी.ए.च्या पेपरला होती. जुनी, थोर कादंबरी. वर्गात हिचं नाव काढताना प्राध्यापकांचा आवाज खाली यायचा. 'अन्नपूर्णेचा स्वभावविकास' हा प्रश्न सुगंधाने असा लिहिला होता की पुरवणी घ्यावी लागली होती. आता एवढंच, की हे सगळं तिने गाइडातून केलं होतं. गाइड पातळ होतं. मूळ पुस्तक अवतरणं उतरवून घेण्यापुरतं उघडलेलं, आणि मग कळलं होतं की अवतरणंही गाइडात आहेत. पण ह्या बारीकसारीक गोष्टी तिला त्या वेळी आठवल्या नाहीत. तिने नवऱ्याला निर्धास्त केलं: हिच्यात रडण्यासारखं काही नाही, ही सामाजिक आहे.

पुतळाबाईंना आजवर कोणी काही वाचून दाखवलं असेल तर ती पोथी. त्यामुळे त्यांचे नियम पोथीचे होते. हातपाय धुऊन बसायचं. वाचणाऱ्याने मधे उठायचं नाही. अध्याय एकदा उघडला की पुरा करूनच मिटायचा, अर्धा ठेवायचा नाही. सुगंधाने समजावून पाहिलं की हा अध्याय नव्हे, हे प्रकरण आहे. असूंदे, असं म्हणून पुतळाबाईंनी पुस्तकाच्या दिशेने, अंदाजाने, हात जोडले. समोरच्या ब्लॉकातल्या मालनवहिनी तांदूळ निवडायचं सूप घेऊन सहज डोकावल्या आणि बसल्या त्या बसल्याच. दुसऱ्या दिवशीपासून त्या हाक मारायची वाट न बघता येऊ लागल्या.

सुरुवातीला सुगंधा परीक्षेला बसल्यासारखी वाचत होती. अन्नपूर्णा आली की तिच्या मनात 'त्यागमूर्ती' अशी पाटी लागायची, दीर दाजीबा आला की 'खलप्रवृत्ती', नदी आली की 'निसर्गवर्णन', आणि पाटी लागली की ती पुढे सरकायची. ऐकणाऱ्या दोघींकडे पाट्या नव्हत्या. पुतळाबाईंनी दाजीबाला पहिल्याच दिवशी ओळखलं, असला एक त्यांच्या चाळीत होता. अन्नपूर्णेबद्दल त्यांचं मत चांगलं होतं, फक्त ती फार ऐकून घेते असं त्यांना वाटे. नदीचं वर्णन लांबलं की मालनवहिनी सूप पाखडायला लागत.

पण दोघींचा जीव होता तो बाळूवर. हा अन्नपूर्णेच्या वारलेल्या जावेचा मुलगा, सहा वर्षांचा, आणि एक नंबरचा द्वाड. त्याने भटजींच्या पगडीत चिंचोके भरले. दाजीबाच्या जोड्यांत गूळ ठेवून मुंग्या लावल्या. मोठ्याने हसायलाही डॉक्टरांची बंदी होती, म्हणून पुतळाबाई ओठ घट्ट मिटून नुसतं पोट हलवायच्या. हा थेट आमच्या श्यामासारखा, असं त्यांचं म्हणणं. संध्याकाळी घरी आल्यावर श्यामसुंदरला कळायचं की आज त्याने कोणाच्या जोड्यांत काय ठेवलं.

गाइडात बाळू कुठेच नव्हता. त्याच्यावर प्रश्न येत नसे.

एकोणिसाव्या प्रकरणात बाळूला ताप आला. सुगंधा आधी बिनघोर वाचत होती, मुलांना ताप यायचाच. वैद्य आले, मात्रा उगाळली गेली. अन्नपूर्णा उशाशी बसून राहिली, समईची वात तिने दोनदा पुढे केली. मालनवहिनींचे हात सुपात थांबले. मग वाचणाऱ्याचे डोळे जातात तसे सुगंधाचे डोळे दोन ओळी पुढे गेले, आणि तिथे तिला दिसलं, की बाळू पहाटे जाणार.

तिने पुस्तकावरून समोर पाहिलं. झापडीखाली पुतळाबाईंचा ओठ थरथरायला लागला होता. पुस्तक मिटावं तर अध्याय अर्धा राहतो, आणि तो त्या राहू देणार नाहीत. आहे ते वाचावं तर डोळा जातो. सुगंधाने नजर पुन्हा पानावर टेकवली आणि ती न हलवता म्हणाली, "इतक्यात बाळूला दरदरून घाम फुटला. अन्नपूर्णेने थर्मामीटर लावून पाहिला, तर ताप साडेनव्व्याण्णववर आला होता. आता काळजीचं कारण नव्हतं."

थर्मामीटर तोंडातून निघून गेल्यावर तिच्या लक्षात आलं. कादंबरीतली गोष्ट पेशवाई बुडाल्यानंतर थोड्याच वर्षांतली होती. मालनवहिनींनी मान वर केली.

"त्या काळी थर्मामीटर?"

"इंग्रज आले होते ना," सुगंधा म्हणाली.

मालनवहिनींना ते पटलं. पुतळाबाईंनी लांब श्वास सोडला. मग त्या म्हणाल्या, "तेका मगे मऊ भात दिलान काय नाय?"

"दिला," सुगंधा म्हणाली. "मेतकूट घालून."

आपण काय करून ठेवलंय ते तिला त्याच संध्याकाळी पुढची पानं चाळताना कळलं. पुढची सारी कादंबरी बाळूच्या जाण्यावर उभी होती. तो गेला म्हणून अन्नपूर्णा घर सोडते, तो गेला म्हणून दाजीबाचं मन बदलतं, आणि पानापानावर कोणी ना कोणी त्याच्या आठवणीने डोळे पुसत असतं. आता दुपारी जे वाचायचं ते सकाळी आपण आधी वाचून ठेवायला हवं होतं. नंदूला खाली आवारात सोडण्याआधी ती काचेचे तुकडे नि खिळे वेचून यायची, तसं. पुतळाबाईंची झापड निघून चष्मा लागेपर्यंत बाळू जगला पाहिजे, आणि त्यांना कळता कामा नये, एवढं तिने मनाशी पक्कं केलं.

मग सकाळी स्टोवर दूध आणि शेजारी ओट्यावर पुस्तक, असं सुरू झालं. अन्नपूर्णेचं घर सोडून जाणं तिने हवापालटावर घातलं. दाजीबा एकाएकी मऊ का पडला ह्याला कारण सापडेना, तेव्हा तिने त्याची दाढ दुखायला लावली. सगळ्यांत कठीण होता तो बाळू. प्रकरण संपलं की पुतळाबाई न चुकता विचारायच्या, पोरगो खंय आसा. त्यामुळे दर प्रकरणात त्याला कुठेतरी ठेवावं लागे. तो शाळेत गेला होता. तो मामाकडे गेला होता. तो जेवून झोपला होता. त्याच्यासाठी नवी खोडी काही सुगंधाला सुचेना. चिंचोके तिच्या हातून पोराच्या हातात जाणारच नव्हते, घशात अडकतात.

तापापासून पोरगो खूपच शाणो झालो, असं पुतळाबाई एकदा म्हणाल्या. अशक्तपणा असतो, असं सुगंधाने सांगितलं. मालनवहिनींची वेगळीच कुरकुर चालली होती. एवढं जाड पुस्तक, निम्म्याच्या वर झालं, आणि अजून एक माणूस मेलं नाही. जुन्या लोकांना लिहिता येत नसावं, असं त्यांना वाटायला लागलं होतं.

हे सगळं आपण सासूच्या डोळ्यासाठी करतो आहोत, असं सुगंधा धरून चालली होती. मग एका सकाळी दूध उतू गेलं. ह्या घरात दूध उतू जात नसे. पुतळाबाईंनी अंथरुणावरूनच वासाने ओळखून विचारलं, आणि पातेलं लहान होतं असं सुगंधाने सांगितलं, जरी पातेलं रोजचंच होतं. पुढे दोन दिवसांनी ती नंदूला पायांवर आडवा घालून झोपवत बसली होती. पुस्तक बाजूला उघडं. उद्यापुरतं एक प्रकरण नजरेखालून घालायचं, एवढाच विचार. मान वर केली तेव्हा भिंतीवरचं ऊन सरकून कपाटाच्या पायाशी आलं होतं. नंदू झोप काढून, उठून, तिच्या पायांवरून केव्हाच उतरला होता आणि शेजारी बसून पुस्तकाच्या कोऱ्या मागच्या पानाचा कोपरा चघळत होता. आणि तिचे पाय रिकामेच हलत होते.

तिने त्याच्या तोंडात बोट घालून कागदाचा लगदा काढला. सवयीने थर्मामीटर झटकला, त्याच्या काखेत दिला, आणि तो काढायचं विसरून पुन्हा पानाकडे बघायला लागली. अन्नपूर्णा परगावाहून एकदा नदीवर येऊन उभी राहते, तो भाग होता. बाळू जिथून पाण्यात खडे मारायचा ती पायरी. लेखकाने बाळूचं नावसुद्धा घेतलं नव्हतं, नुसतं पाणी कसं वाहत होतं ते सांगितलं होतं. ह्याच नदीवर सुगंधाने कॉलेजात दोन पानं भरून लिहिलं होतं, उपमा किती आणि दृष्टान्त किती. आज कोणी पेपर पुढे ठेवला असता तर तिला दोन ओळीही लिहिता आल्या नसत्या. आपण मघापासून पेन्सिल शोधलेली नाही, कशाखाली रेघ मारायची आपल्याला आठवण झाली नाही, हे तिच्या ध्यानात आलं, आणि तिला थोडी भीतीच वाटली. दीड वर्षाचं पोर घरात असताना हे काय लागलं आपल्याला.

तरी ती उठली आणि पुस्तक घेऊन न्हाणीघरात गेली. दाराला कडी घातली, नळ सोडला आणि बादलीच्या काठावर बसून एकोणिसावं प्रकरण काढलं. त्या दिवशी टाळलेल्या ओळी तिने आता वाचल्या. मग पुन्हा वाचल्या. बादली भरून वाहायला लागली, तरी ती वाचत होती.

ती बाहेर आली तेव्हा पुतळाबाईंनी मान तिच्याकडे वळवली. झापड बांधल्यापासून त्यांचे कान फार पुढे गेले होते. सर्दी झाली काय गो, त्यांनी विचारलं. साबण गेला डोळ्यात, सुगंधा म्हणाली.

"जाऊंदे," पुतळाबाई म्हणाल्या. "तुका चलता. तुझो डोळो कच्चो नाय."

त्यानंतर सुगंधा दोन कादंबऱ्या जगू लागली. एक दुपारची, मोठ्याने, हातपाय धुऊन. हिच्यात बाळू जेवत होता नि झोपत होता. दुसरी सकाळची, मनातल्या मनात. हिच्यात तो नव्हता, आणि नव्हता म्हणून सगळीकडे होता. सकाळच्या कादंबरीत ती सावकाश चालायला लागली. दाजीबावर 'खलप्रवृत्ती'ची पाटी बसेना, कारण एका जागी तो बाळूचे जोडे उचलून बघतो आणि परत होते तसे ठेवतो. शेवटची दोन प्रकरणं उरली तेव्हा ती वाचायला तिचा हात होईना. काचा-खिळे वेचत, उद्याच्या भीतीने, तिला ती वाचायची नव्हती. ती निवांत वाचायची होती, एकटीने. म्हणून दुपारच्या बैठकीसाठी तिने शेवट सरळ आपल्या पदरचा घातला. अन्नपूर्णा हवापालटाहून गुटगुटीत होऊन परत आली. दाजीबाच्या मुलीचं लग्न निघालं. पंगतीला श्रीखंड झालं, आणि कानपिळीला बाळूने नवऱ्या मुलाचा कान असा पिळला की त्याला अंगठी काढून द्यावी लागली. पुतळाबाईंनी हात जोडून पुस्तकाला नमस्कार केला. मालनवहिनींनी श्रीखंडाबद्दल समाधान व्यक्त केलं आणि सूप उचललं.

झापड निघाली. डॉक्टरांनी नंबर काढून दिला, आणि चष्मा येणार त्याच्या आदल्या दिवशी श्यामसुंदर ऑफिसला निघताना म्हणाला की ते पुस्तक दे, वाटेत लायब्ररीत टाकतो.

देऊन टाकणं शहाणपणाचं होतं, हे सुगंधाला समजत होतं. पुतळाबाई गावच्या शाळेत चौथी पास झालेल्या. बोट ठेवून, ओठ हलवत का होईना, त्यांना वाचता यायचं, आणि चष्मा आला की पहिलं काय वाचणार ते त्या आठवडाभर सांगत होत्या: बाळूच्या खोड्या. पुस्तक आज गेलं तर बाळू कायमचा जगला असता. सुगंधाने ते शेल्फवरून काढलं, पदराने पुसलं, आणि हातातच धरून ठेवलं.

"दोन प्रकरणं राहिलीत," ती म्हणाली.

"शेवट झाला ना परवा? आई सांगत होती, श्रीखंड होतं."

"त्यांची झाली. माझी राहिलीत."

श्यामसुंदर एका पायात चप्पल घालून तिच्याकडे बघत राहिला. "कसली परीक्षा देत्येस का?"

"नाही."

"मग?"

"मग काही नाही," सुगंधा म्हणाली. "मला वाचायचंय."

त्याने दुसरी चप्पल घातली आणि तो गेला. जिन्यात तो एकदा थांबल्याचं तिला ऐकू आलं.

त्या दिवशी पाहुणे आले आणि नंदूला दात येत होते, त्यामुळे पुस्तक उघडलंच गेलं नाही. चष्मा दुसऱ्या दिवशी आला. काचा बाटलीच्या बुडासारख्या जाड. पुतळाबाईंनी आधी नंदूला उजेडात धरून बघितलं, मग सुनेला बघितलं आणि ती वाळली असं सांगितलं, मग छत बघितलं आणि इतके दिवस आपण कशाकडे तोंड करून पडलो होतो ते कळल्यावर कोळिष्टकं काढायला लावली. दुपारी त्यांचा डोळा लागला. सुगंधा खिडकीशी बसली. उरलेल्यांपैकी पहिलं प्रकरण झालं. शेवटच्या प्रकरणात बोट घालून ती जरा वेळ नुसती बाहेर बघत होती, आणि आतल्या खोलीतून पावलं आलेली तिला कळली नाहीत. एक हात पुढे आला. पुस्तक त्या हातात गेलं आणि तिचं बोट तेवढं हवेत राहिलं.

"माका बघूंदे."

सुगंधा स्वयंपाकघरात गेली आणि एकच कप विसळत उभी राहिली. स्टो तिने पेटवलाच नाही, त्याच्या आवाजात बाहेरचं ऐकू आलं नसतं. पुतळाबाई ओठांतल्या ओठांत वाचत होत्या. पगडीतल्या चिंचोक्यांपाशी त्या हसल्या. मग पानं उलटण्याचा आवाज, बरीच पानं, मग पुन्हा ओठ. मग काहीच नाही. सुगंधा दारात आली. चष्मा मांडीवर होता आणि पदर डोळ्यांना.

"आई, डोळा."

"डॉक्टरान आता मोकळा सोडल्यान," पुतळाबाई पदराआडून म्हणाल्या. "मेलो मगे."

"हो."

"माका तेव्हाच वाटला. त्या बुकातली माणसां 'करती झाली' नि 'जाती झाली', आणि मधेच तुझो थर्मामीटर."

सुगंधा खाली त्यांच्या पायांशी बसली. इतके दिवस त्या बोलल्या का नाहीत, असं तिने विचारलं.

"डोळो माझोच होतो."

पुतळाबाईंनी डोळे कोरडे केले, चष्मा चढवला आणि पुस्तकावर हात ठेवला. "पण एक सांगतंय, रागाव नको. तुझो बाळू काय कामाचो नाय. खाता नि निजता. ह्यो मेलो तरी घरभर आसा. तू तेका जगवलंस, आणि मगे कोणी हाक पण मारूक नाय."

सुगंधाला हसू आलं आणि थोडं लागलंही. एवढ्या सगळ्या सकाळी घालवल्या, दूध उतू घालवलं. आपण चिंचोक्यांना घाबरलो, असं तिने कबूल केलं. ता दिसताच आसा, असं म्हणून पुतळाबाईंनी गॅलरीच्या जाळीकडे बघितलं, आणि मग उदारपणे सांगितलं की लगीन मात्र बरा होता, कानपिळी झकास होती.

"आणि शेवटाक खरा काय होता?" त्यांनी विचारलं.

"मला ठाऊक नाही. एक प्रकरण राहिलंय."

पुतळाबाईंनी पुस्तकाकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं. त्या स्वतः एकोणिसाव्याच्या शेवटी होत्या, आणि एक पान वाचायला त्यांना एक चहा पिण्याइतका वेळ लागत होता. पुस्तक धरून ठेवलं असतं तर सुगंधाचा शेवट कुठच्या कुठे लांबला असता. त्यांनी ते तिच्यापुढे केलं.

"घे. आधी तू संपव. पण मनात वाच. मोठ्यान एक अक्षर काढू नको, माका अजून सगळा वाचूचा आसा."

मालनवहिनींनी तेवढ्यात समोरच्या दारातून विचारलं, आज काही वाचन आहे का. आज नाय, पुतळाबाईंनी ओरडून सांगितलं, आज ती आपल्यापुरता वाचता.

सुगंधा खिडकीशी परत बसली. नंदू आजीच्या मांडीत होता, जाळी शाबूत होती, दूध अजून यायचं होतं. तिने शेवटचं प्रकरण काढलं. दोन पानं झाली असतील नसतील, तेव्हा तिला कोणीतरी बघत असल्यासारखं वाटलं. समोर पुतळाबाई बसल्या होत्या. त्या भिंगांमागे पुरीएवढे झालेले डोळे त्यांनी तिच्या तोंडावर रोखले होते, स्टोवरच्या दुधावर रोखतात तसे.

"हसलंस," पुतळाबाई म्हणाल्या. "म्हणजे अन्नपूर्णा परत येता."

सुगंधाने पुस्तक उचलून तोंडासमोर उभं धरलं.